राजाची चांदी आणि पेलाभर पाणी

नाणी जमवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी पॅरिसहून पंधराव्या लुईचा ‘एक्यू’ हौसेने आणला आणि घरी येताच रांगोळीने घासून लख्ख केला. देवघरातली चांदी आपण अशीच उजळतो. नाणे चमकले खरे, पण त्याचा अर्धा पुरावा मोरीतून वाहून गेला.

एक्यू हे राजेशाही फ्रान्समधले चांदीचे मोठे नाणे. १७२६ साली त्याचे वजन ठरले ते राज्यक्रांतीपर्यंत टिकले. २४४.७५ ग्रॅमच्या ‘मार’ या वजनात ८.३ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे २९.४९ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, उरलेले मुख्यतः तांबे. चकती जड भरली तर ती कानशीने घासून वजन उतरवत आणि मगच ठसा मारत. दाब कमी पडलेल्या जागी त्या समांतर रेघा आजही दिसतात. नवख्याला ते ओरखडे वाटतात, जाणकाराला टांकसाळीतल्या कामगाराची हातखूण. आमच्या स्नेह्यांनी नेमक्या त्याच पुसल्या. शिवाय काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते सिल्व्हर सल्फाइड. त्यात नाण्याचीच चांदी असते, आणि घासताना तीच जाते.

दुर्मिळता मात्र चमकेवर नसते, ती एका अक्षरात असते. राजाचा चेहरा तोच, पण ‘ए’ म्हणजे पॅरिस, ‘डी’ म्हणजे लिऑन, ‘एल’ म्हणजे बायॉन. एखाद्या साली एखाद्या टांकसाळीने थोडीच नाणी पाडली असतील, तर संग्राहक त्या जोडीच्या मागे लागतात. नकली नाणी करणारेही लागतात!

खऱ्याखोट्याची पहिली परीक्षा आर्किमिडीजची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. अस्सल एक्यूला काटा सुमारे २.८५ ग्रॅम दाखवील. कोरडे वजन या आकड्याने भागले की घनता मिळते : १०.३. तेवढ्याच वजनाच्या पितळेला साडेतीनच्या आसपास आकडा येईल. झिजलेल्या नाण्याचे वजन घटते, घनता घटत नाही.

पण शिसे ११.३ आणि कथील ७.३. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर घनता हवी तेवढी जुळवता येते. म्हणून कडही पाहावी. तिच्यावर ‘प्रभो, राजाचे रक्षण कर’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे यंत्राने उठवलेली असत. साच्यात ओतलेल्या नकलेत ती बहुधा बोथट उतरतात.

वर्गात एक्यू कुठून आणणार? त्याची गरजही नाही. आजीच्या पेटीतला राणीछाप रुपयाही बारात अकरा भाग चांदीचाच, वजन ११.६६ ग्रॅम. काट्यावर १.१३ यायला हवेत. पाणी उकळून गार केलेले घ्या. नाण्याला चिकटलेला ०.०३ मिलिलिटरचा बुडबुडासुद्धा घनता १०.३ वरून १०.१ वर आणतो, आणि आजीचा रुपया उगाच खोटा ठरतो.