तळपद्यांचे विमान आणि बेंगळूरचा अहवाल

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. राईट बंधूंच्या आधी आठ वर्षे! विमान माणसाविना १५०० फूट चढले म्हणतात. ती उंची मोजली कुणी, कशी, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत.

राईट बंधूंची नोंद पाहा. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक. पहिले उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंद, ८५२ फूट. पाच साक्षीदार, शिवाय छायाचित्र.

तळपद्यांचा माग काढणाऱ्याला शेवटी कर्नाटकातच यावे लागते. आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्रींनी ‘वैमानिक शास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. प्राचीन भरद्वाज ऋषींचा म्हणून तो ओळखला जातो. त्यातल्या आकृत्या बेंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढल्या. १९७४ मध्ये तिथल्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एच. एस. मुकुंद व चार सहकाऱ्यांनी ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातले विमान उडणे शक्य नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कन्नड मातीतल्याच शास्त्रज्ञांनी हे परखडपणे लिहिले, हे विशेष.

शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी केलेल्या प्रतिकृती उडाल्या नाहीत, असेही त्या अहवालात आहे. म्हणजे त्यांनी त्या खरोखर करून पाहिल्या होत्या. मला तरी ही खटपट चौपाटीच्या कथेपेक्षा मोलाची वाटते.