उचलीत गहाण पडलेली मुलं

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या आसपास डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांच्या वाड्या दिसतात. याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरी पडू लागते. मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात.

हे जाणं ठरतं भर पावसाळ्यात. श्रावण-भाद्रपदात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा मुकादम वाडीत येऊन उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो आणि ती फेडायला अख्खं कुटुंब राबतं. हिशेब भट्टीच्या शेठच्या वहीत, खाली बापाचा अंगठा. हंगाम सरला तरी अंगावर बाकी उरतेच.

एकदा भट्टीवर गेले, तर चौथीतली माझी विद्यार्थिनी वाळत घातलेल्या कच्च्या विटा कमरेत वाकून पलटत होती. एक झाली की दुसरी, रांगच्या रांग. बोटांची टोकं सोललेली. मला पाहून म्हणाली, "बाई, पाढे कुठवर झाले?"

आईबाप सोबत असतात तोवर मुलाला निदान त्यांचा आधार असतो. एकटं मूलच गहाण पडलं तर? सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथली दहा वर्षांची कातकरी मुलगी दगावली आणि सगळा प्रकार उजेडात आला. थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढपाळांनी कातकऱ्यांची लहान मुलं अहमदनगर जिल्ह्यात राबायला नेली होती. श्रमजीवी संघटनेनं हे प्रकरण लावून धरलं, तेव्हा कुठे गुन्हे नोंदले गेले आणि मुलं सुटू लागली.

कायदा आपल्याकडे भक्कम आहे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्ज फेडण्याचं बंधनच उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार मुलांच्या व्यापाराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे, जन्मठेपही होऊ शकते. सोडवलेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. वेठबिगारीतून सुटलेल्यांना तातडीची मदत म्हणून तीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढे मुलांच्या पुनर्वसनासाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मुक्तीचं प्रमाणपत्र. प्रशासनाकडून ते मिळालं नाही, तर सुटलेलं मूल त्याच झोपडीत, त्याच उपासमारीत परत येतं आणि पुढच्या पावसाळ्यात मुकादम पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून नुसत्या सुटकेवर समाधान मानू नका. प्रमाणपत्र, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि पावसाळ्यात रोजगार हमीचं काम या चार गोष्टी वाडीवर पोचल्या, तर उचल घ्यायची वेळच येणार नाही. हंगामात बाहेरगावी जाणाऱ्या मुलांसाठी सरकारचं शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन भट्टीजवळच्या शाळेत मुलाला बसवून घ्यायलाच हवं.

नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच पनवेल तालुक्यात झाला. भोवती इमारती उठताहेत, विटांना मागणी आहे, म्हणून भट्ट्यांना राबणारे हातही हवे आहेत. भट्टीवर, धाब्यावर, पनवेल स्टेशनात कामाला जुंपलेलं किंवा अनोळखी माणसाबरोबर बावरलेलं मूल दिसलं, तर 1098 फिरवा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत. मुलाचा फोटो मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हाच आहे.