जन्मभराचे तेल – कोणाच्या जन्माचे?



बैलगाडीला वेळच्या वेळी ओंगण घालावे लागते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरतो आणि कण्याला ओंगण लावतो. "एकदा घातले, आता गाडी मोडेपर्यंत बघायला नको," असे कोणी म्हणाले, तर पारावरची मंडळी त्याला हसतील. पण मोटारीच्या बाबतीत नेमके असेच सांगितले जाते. ज्या मोटारी आपोआप गिअर बदलतात, त्यांतल्या काहींच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे तेल 'जन्मभराचे' आहे, ते बदलावे लागत नाही, असा मजकूर असतो.

अशा गाड्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. समजा, एखाद्या गुरुजींनी शहरातून जुनी गाडी घेतली. लाखभर किलोमीटर धावलेली. मेस्त्री विचारतो, "गुरुजी, गिअरचे तेल कधी बदलले होते?" गुरुजी पुस्तिका पुढे करतात. आता खरे कोणाचे मानायचे? प्रश्न क्षुल्लक नाही. तेल बदलण्याचा खर्च हजारांत होतो. गिअरबॉक्स उतरवून खोलण्याची पाळी आली, तर तो लाखावर जाऊ शकतो.

प्रथम हे तेल करते काय, ते पाहू. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे अशाच रीतीने जाते. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. तेच तेल पुढे दाबाखाली वाहून गिअर बदलते, दातऱ्यांना वंगण देते आणि आतली उष्णता बाहेर नेते. शिवाय आतल्या क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असूनही त्यांनी एकमेकींना घट्ट पकडावे लागते. वंगणही हवे आणि पकडही हवी! त्यासाठी तेलात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. अमेरिकेत १९३९ साली जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढे अशा गिअरबॉक्सच्या तेलात पकड नीट राहावी म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेलही घालीत असत. १९७० नंतर त्या माशाला संरक्षण मिळाले आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली.

आता हे तेल म्हातारे का होते? आपल्या घरचेच उदाहरण घ्या. भजी तळलेले तेल पुनःपुन्हा तापवले की काळे पडते, दाट होते, त्याला खवट वास येतो. उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांचा तो परिणाम आहे. गिअरबॉक्समध्येही हेच घडते, सावकाश. तेलाचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक ढोबळ हिशेब तंत्रज्ञ मांडतात. त्यात चकत्यांची झीज आणि लोखंडाचा कीस मिसळतो. तळाशी चुंबक आणि गाळणी असते खरी; पण गाळणीने चहाचा चोथा अडतो, कडवटपणा अडत नाही. तेलातली रसायने एकदा खर्ची पडली, की ती कोणतीही गाळणी परत आणून देत नाही.

मग 'जन्मभर' म्हणजे कोणाचा जन्म? मोटारवाल्याच्या मनात एक ठरावीक आयुष्य धरलेले असते. पहिल्या मालकाला त्या काळात खर्च कमी आला, की जाहिरातीला ते पुरेसे होते. दुसऱ्या, तिसऱ्या मालकाचा जन्म त्या हिशेबात असेलच असे नाही. जर्मनीतली झेडएफ ही कंपनी बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवते. गाडीवाले ज्या तेलाला जन्मभराचे म्हणत आले, त्याच तेलाविषयी गिअरबॉक्स घडवणारी ही कंपनी सांगते की, वापर पाहून ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलावे. ज्याने भांडे घडवले, त्याचा शब्द मी अधिक मोलाचा मानतो. घाटात सतत चढउतार, मागे जड ट्रेलर, विदर्भातला उन्हाळा, गर्दीत रखडत चालणे, असा वापर असेल तर आकड्यांतला लहान आकडा धरावा.

आपण म्हणाल, "तेल बदलले आणि आठ दिवसांत गिअरबॉक्स बसला, असेही ऐकतो." असे घडते. पण बहुधा तिथे दुखणे आधीच बळावलेले असते. गिअर घसरतो, झटके बसतात, तेव्हा लोक तेल बदलायला धावतात. झिजलेली चकती नव्या तेलाने भरून येत नाही. म्हणून दुखणे दिसण्याआधीच बदलावे. गाडी फार जुनी आणि दुर्लक्षित असेल, तर दाबाने धुऊन काढण्याचा हट्ट धरू नये. साधेपणाने तेल सोडावे, नवे भरावे. एका वेळी पुष्कळदा निम्मे किंवा त्याहून कमीच तेल बाहेर पडते. उरलेले आतच राहते. म्हणून काही काळाने पुन्हा एकदा बदलणे हिताचे.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे तेल घाला. 'सगळे लाल तेल सारखेच' हे म्हणणे चुकीचे आहे. दुसरी, तेलाची पातळी तापमान मोजून ठरवतात. झेडएफच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांवर असताना. हे काम अंदाजाने होत नाही. तिसरी, आपली गाडी कोणत्या प्रकारची, ते आधी विचारा. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी प्रकारात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्याचे तेल वेगळे, नियमही वेगळे. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचे तेल तर आणखी निराळे.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. पांढऱ्या टिपकागदावर ताज्या तेलाचा एक थेंब आणि जुन्या तेलाचा एक थेंब टाका. डाग कसा पसरतो, मध्ये काजळी राहते का, जळका वास येतो का, हे मुलांना पाहू द्या. नुसत्या रंगावरून मात्र निकाल देऊ नका. काही चांगली तेलेही लवकर काळवंडतात.

तेव्हा गुरुजी आणि मेस्त्री यांच्या वादात मी मेस्त्रीच्या बाजूचा आहे. पुस्तिका खोटी नाही. पण तिने धरलेला जन्म आणि आपल्याला गाडीकडून हवा असलेला जन्म, हे दोन एक नव्हेत. ओंगणाचा जुना धडा इथेही तसाच लागू आहे.