उधारीची वही कॉम्प्युटरवर: मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर बसवा आणि पहिल्याच दिवशी नीट सेट करा



एक साधा प्रश्न. आज या घडीला तुमची किती उधारी बाहेर आहे? वही न चाळता आकडा सांगता येईल?

बहुतेकांना येत नाही. वहीत "शिंदे काकू", एक्सेलमध्ये "शिंदे मॅडम" आणि मोबाईलमध्ये नुसतं "शिंदे". माणूस एकच, नोंदी तीन ठिकाणी. मग काय होतं? ग्राहक पैसे बुडवत नाही, आपणच मागायचे विसरतो. म्हणून आज आपण आपल्या कॉम्प्युटरवर एक छोटा डेटाबेस उभा करणार आहोत.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

आपण "डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट" वापरू. एसक्यूलाइट हा डेटाबेस डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केला. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तो आत काम करत असतो. तो मोफत आहे, धंद्यासाठी वापरायला लायसन्स लागत नाही. सर्वांत मोठा फायदा म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये राहतो. वेगळा सर्व्हर बसवायची गरज नाही.

बसवायचं कसं?

१. आधी सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे जाऊन तुमचं विंडोज ६४ बिट आहे की ३२ बिट ते बघा.

२. एसक्यूलाइटब्राउझर डॉट ओआरजी या अधिकृत साईटवरूनच डाउनलोड करा. सर्चमध्ये येणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करू नका.

३. तुमच्या विंडोजला जुळणारा "स्टँडर्ड इन्स्टॉलर" घ्या. फाईल उघडा आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत जा. फक्त शॉर्टकटचं पान आलं की थांबा आणि एसक्यूलाइटसमोर "डेस्कटॉप"ला टिक करा. नाहीतर बसवलेलं सॉफ्टवेअर शोधत बसाल.

झालं. बसवणं एवढंच आहे. खरं काम आता सुरू होतं.

सेट करायचं कसं?

डी ड्राइव्हवर, नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये, एक वेगळा फोल्डर करा. "न्यू डेटाबेस"वर क्लिक करा आणि फाईल त्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. लगेच टेबल तयार करायची खिडकी उघडेल. आपल्याला दोनच टेबलं लागतील.

पहिलं टेबल ग्राहकांचं: क्रमांक, नाव, मोबाईल, पत्ता. क्रमांकाचा प्रकार "इंटिजर" ठेवा आणि "पीके" व "एआय" या दोन्हींना टिक करा. म्हणजे प्रत्येक ग्राहकाला वेगळा नंबर आपोआप मिळेल. मोबाईलचा प्रकार मात्र "टेक्स्ट" ठेवा. त्याची बेरीज करायची नाही, आणि आकडा म्हणून ठेवला तर सुरुवातीचा शून्य उडतो. मोबाईलला "यू" टिक करा, मग तोच नंबर दोनदा भरता येणार नाही. शिंदे काकू तीनदा घुसण्याची शक्यता इथेच कमी होते.

दुसरं टेबल नोंदींचं: क्रमांक, ग्राहक क्रमांक, तारीख, रक्कम, तपशील. इथल्या क्रमांकालाही "पीके" आणि "एआय" हवंच. ग्राहक क्रमांकासमोर "फॉरेन की"मध्ये ग्राहकांचं टेबल निवडा, म्हणजे यादीत नसलेल्या माणसाच्या नावावर उधारी चढणार नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा: २०२५-०४-०९. तरच तारखांचा क्रम बरोबर लागतो. रकमेचा नियम सोपा आहे: माल उधार दिला की ५००, पैसे आले की वजा ३००. बेरीज केली की बाकी २०० आपोआप मिळते.

टेबलांची आणि रकान्यांची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. आतली माहिती खुशाल मराठीत भरा.

नोंदी "ब्राउझ डेटा" टॅबमध्ये भरायच्या. ग्राहकवार बाकी काढायला "एक्झिक्युट एसक्यूएल" टॅबमध्ये एक क्वेरी लिहावी लागते. त्यात "जॉइन" दोन्ही टेबलं जोडतो, "सम" रकमांची बेरीज करतो आणि "ग्रुप बाय" ती बेरीज ग्राहकवार वेगळी करतो. व्हिडिओत मी ती सावकाश टाइप करून दाखवली आहे. एकदा चालली की "व्ह्यू" म्हणून सेव्ह करा. मग रोज सकाळी उघडायचं आणि आकडा बघायचा.

माझी चूक तुम्ही करू नका

सुरुवातीला मी एका बैठकीत सत्तरेक नोंदी भरल्या आणि लाईट गेली. पुन्हा उघडलं तर एकही नोंद नाही! कारण या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही "राइट चेंजेस" दाबेपर्यंत नोंद फाईलमध्ये पक्की होत नाही. सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, मी बटण दाबलं नव्हतं. तेव्हापासून दर चार-पाच नोंदींनंतर कंट्रोल एस दाबायची सवय लावून घेतली.

दुसरी सवय बॅकअपची. संध्याकाळी प्रोग्राम बंद करा, ती फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि नावात त्या दिवसाची तारीख टाका. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

याच्या मर्यादाही समजून घ्या

हे एका कॉम्प्युटरवर, एका माणसाने वापरायचं साधन आहे. दोन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर नेटवर्कवर ही फाईल ठेवू नका. तेव्हा मायएसक्यूएलसारखा सर्व्हर लागेल. जीएसटीचं बिलिंगही यातून होणार नाही, त्यासाठी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वेगळं. आणि साध्या फाईलला पासवर्ड नसतो. त्यात ग्राहकांचे नंबर आहेत, म्हणून कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवा आणि पेनड्राइव्ह कुठेही टाकू नका.

आज सगळी वही भरायला बसू नका. सर्वांत जास्त बाकी असलेले दहा ग्राहक घ्या, त्यांच्या नोंदी भरा आणि बेरीज बघा. तो आकडा बघितला की उद्या पहिला फोन कोणाला करायचा, ते तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.