बँडवाल्या सरपंचाचा दिवस

पहाटे ५.३०
आधी पाण्याची टाकी. टीसीएल पावडर टाकली का, हे मी शिपायाला विचारत बसत नाही. बाटलीत पाणी घेतो, क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब सोडतो. पाणी पिवळं झालं की गावाला नळ सोडायचा. तासगाव तालुक्यातला मे महिना. विहिरीनं तळ गाठलाय, आणि अशाच पाण्यातून जुलाब-उलट्या पसरतात.

७.००
बँडची खोली. आज शेजारच्या गावात लग्न आहे. पोरं ट्रॉलीवर जनरेटर चढवतायत, क्लॅरिनेटवाला पत्ती घासतोय. एकानं उचल मागितली, दिली. लगीनसराईच्या कमाईवर पावसाळा काढायचा असतो. अडीनडीला उचल न देणाऱ्या मालकाकडं चांगला वादक टिकत नाही. आजोबांची हलगी, वडिलांची सनई, माझा ब्रास बँड. आता सुपाऱ्या थोरला मुलगा घेतो. सरपंचपद अनुसूचित जातीसाठी राखीव निघालं तेव्हा घराघरांत ओळख होती ती या वाजवण्यामुळंच. पण ज्या मांडवांत वडिलांनी सनई वाजवली, त्यांतल्या कितीतरी मांडवांत त्यांचं ताट बाहेर वाढलं गेलं. हे मी विसरलेलो नाही.

११.००
मासिक सभा. प्रत्येकाला आपल्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता हवा. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आहे, तो रस्त्याला वळवता येत नाही. गटाराचा ठराव झाला. एका सदस्यानं आपुलकीनं सुचवलं, १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीला बँडची बिदागी पंचायतीनं द्यावी. मी लगेच नको म्हटलं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ स्पष्ट आहे: पंचायतीच्या कंत्राटात सदस्याचा हितसंबंध निघाला की तो अपात्र. आमचा बँड त्या दिवशी वाजणार, फुकट वाजणार.

१.३०
जेवण झाल्यावर एक जुने ट्रम्पेटवाले काका आले. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. दात गेले तसं वाजवणं सुटलं. राज्य सरकार ५० वर्षांवरच्या कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो मिळतो. घोडं अडतं ते कलेच्या पुराव्यावर. गायकाची कार्यक्रमपत्रिका असते, तमाशातल्या माणसाचं नाव फलकावर येतं. वरातीत वाजवणाऱ्याचं नाव कुठंच छापलेलं नसतं. लग्नाच्या अल्बममध्ये तो दिसतो, पण नवरदेवाच्या घोड्यामागं, अर्धा कापलेला.

"आरं, आयुष्य गेलं की वाजवण्यात. आता कागुद कुठनं आणू?" काका म्हणाले.

मी पेटीतून सुपारीच्या जुन्या वह्या काढल्या. तारीख, गाव, यजमान, इसार, आणि खाली प्रत्येक वादकाचं नाव नि त्याची मजुरी. वडील हिशेबाला कडक होते म्हणून हे लिहिलं गेलं. काकांच्या नावाची पानं वेगळी केली, झेरॉक्सला पाठवली. ज्या यजमानांकडं ते वाजले, त्यांतले जिवंत असलेले शोधून त्यांची पत्रंही घेणार आहे. मानधनाचा निर्णय निवड समितीचा, पण पुराव्याअभावी अर्ज परत आला, असं या गावात होऊ देणार नाही. सरपंच म्हणून माझ्या हातून एकच काम व्हायचं असेल तर ते हे व्हावं.

५.००
पंचायत समितीत टँकरच्या प्रस्तावाची चौकशी. परतताना एका मयताच्या घरी.

९.३०
गावातच वरात, वाजवायला आमचाच बँड. पाटलांचा पाव्हणा अडून बसला, "सरपंच तुमचा, बँड तुमचा, मग कोण धरतंय? अकरापर्यंत चालू द्या." ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत; रात्री दहानंतर उघड्यावर वाजवायचं नाही. शेजारच्या घरात बाळंतीण होती. दहाला मी स्वतः हात वर करून बँड थांबवला. पाव्हणा रागावला, उरलेले पैसे उद्या देतो म्हणाला. वादकांची मजुरी मात्र मी तिथंच चुकती केली आणि मुलाला बजावलं, वहीत नुसतं 'ढोलवाला' लिहू नकोस, पूर्ण नाव लिही, आडनावासकट.