साइटलिंक
शोधयंत्राच्या फलसूचीत एखाद्या संकेतस्थळाच्या मुख्य नोंदीखाली त्याच स्थळाच्या आतील पृष्ठांकडे नेणारे जे जादा दुवे दिसतात, त्यांना साइटलिंक किंवा उपदुवे म्हणतात. शोध घेणाऱ्यास मुखपृष्ठ ओलांडून इष्ट पृष्ठावर थेट पोहोचता यावे, हा त्यांचा हेतू होय.

हे दुवे स्थळाचा मालक निवडीत नाही. गूगलसारखे शोधयंत्र ते आपोआप ठरविते. स्थळाची रचना, पृष्ठांची शीर्षके आणि अंतर्गत दुव्यांवरील शब्द यांचा त्यासाठी आधार घेतला जातो. दुवे उपयुक्त ठरतील असे यंत्रास वाटले, तरच ते दाखविले जातात. संस्थेच्या नावाने शोध घेतल्यास ते बहुधा आढळतात. जाहिरातींखालील तत्सम दुवे मात्र जाहिरातदार स्वतः पुरवितो. या दोहोंची गल्लत वारंवार होते.

नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. त्याचे विद्यार्थी राज्यभर विखुरलेले असल्याने प्रवेश, परीक्षा, निकाल इ. बाबतींत संकेतस्थळ हीच त्यांची कचेरी ठरते. अशा संस्थेच्या नावाखाली गतवर्षीच्या प्रवेशसूचनेचा दुवा उमटल्यास विद्यार्थ्याची मुदत चुकू शकते. नको असलेला दुवा मागे सारण्याची सोय गूगलने पूर्वी मालकांना दिली होती; ती २०१६ मध्ये काढून घेण्यात आली. आता ते पृष्ठ काढून टाकणे किंवा त्याची नोंद घेऊ नये अशी खूण त्यात घालणे, एवढेच मार्ग उरतात. त्याहून श्रेयस्कर उपाय म्हणजे दरवर्षी नवे पृष्ठ न काढता एकाच कायम पत्त्यावरील मजकूर बदलीत राहणे. बहुतेक कार्यालये नेमके याच्या उलट करतात.

मराठी स्थळांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक स्थळांचा मजकूर ‘शिवाजी’सारख्या टंकांत लिहिलेला असे. वाचकास पडद्यावर ‘निकाल’ हा शब्द दिसे. शोधयंत्रास मात्र रोमन अक्षरांची निरर्थक जुळणीच मिळे. अशा पृष्ठास मराठी शब्दाने शोधणे जवळजवळ अशक्यच होते, मग त्याचा उपदुवा कोठून होणार? युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. तथापि सूचना छायाचित्ररूपाने चढविण्याची आणि सर्व पृष्ठांना ‘मुख्यपृष्ठ’ हे एकच शीर्षक देण्याची सवय अद्याप आढळते. सारखी शीर्षके असलेल्या पृष्ठांतून निवड करणे यंत्रास अवघड जाते.