हिरव्या वृक्ष-अजगराचे वर्णांतर

• प्रजाती : मोरेलिया विरिडिस, न्यू गिनी व ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पातील वर्षावनांचा रहिवासी, श्लेगेलकृत शास्त्रीय वर्णन १८७२ चे.

• बाल्यावस्था : अंड्यातून निघणारे पिल्लू पिवळे अथवा विटकरी असून, त्याच्या पाठीवर गडद काठांचे फिकट ठिपके असतात.

• प्रौढावस्था : पाळलेल्या सापात सामान्यतः सहा ते बारा महिन्यांच्या सुमारास वर्णांतरास आरंभ होऊन, मूळ वर्ण लोपत जाऊन अंग हिरवे होते, पाठीच्या कण्यालगत मात्र बहुधा पांढऱ्या वा पिवळ्या खवल्यांची तुटक रेषा उरते.

• भेद : वर्णांतर म्हणजे कात टाकणे नव्हे; कात हे केवळ बाह्य आवरण, वर्णांतर घडते ते त्वचेतील रंगपेशींत.

• साम्य : दक्षिण अमेरिकेतील पाचू-बोआ हा सापही बालपणी तांबूस वा नारिंगी, प्रौढपणी हिरवा, तो मात्र अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देतो.